बजेट मांडण्याआधी: वीस तारखेला पैसे का संपतात ते बघू

तुझा प्रश्न मला समजला तो असा. लातूर जिल्ह्यातून पुण्यात आलीस, बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. वडिलांची कोरडवाहू शेती, मुख्य पीक सोयाबीन. घरून महिन्याला ९,००० रुपये येतात, पण कधी ३ तारखेला तर कधी १० ला. त्यातले ३,५०० कॉटचे (खोलीतल्या एका पलंगाचं भाडं) आणि ३,२०० मेसचे जातात. वीस तारखेच्या आसपास खातं रिकामं होतं आणि मग रूममेटकडून हातउसने. मैत्रिणीने ५०-३०-२० चा तक्ता (निम्मे पैसे गरजांना, ३० टक्के हौसेला, २० टक्के बचतीला) दिला होता, तो दोन आठवड्यांत बंद पडला. बजेट करायला सुरुवात कशी करायची आणि अ‍ॅप कोणतं घ्यायचं, असं विचारलं आहेस.

अ‍ॅपचं शेवटी सांगते, त्याला फार महत्त्व नाही. मी पुण्यात मुलींच्या एका वसतिगृहाचे हिशेब बघते. नव्या मुली पहिले दोनतीन महिने गेले की साधारण हीच तक्रार घेऊन येतात, आणि येताना जवळजवळ प्रत्येकीने स्वतःला उधळी ठरवून टाकलेलं असतं. वही उघडून बसलं की उधळपट्टी क्वचितच सापडते. सापडतं ते हे, की मुलीला महिन्याचे दोन मोठे आकडे पाठ असतात आणि बाकीचं वर्ष अंधारात असतं. त्या अंधारात तक्ता भरायला घेतला तर तो दोन आठवड्यांतच बंद पडणार. शिवाय ५०-३०-२० ची विभागणी दरमहा पगार हातात पडणाऱ्यांसाठी आहे. तुझे ९,००० पैकी ६,७०० राहण्या-खाण्यातच जातात, म्हणजे जवळजवळ पाऊण भाग. तो तक्ता तुला पहिल्याच ओळीत नापास करतो.

म्हणून माझं म्हणणं असं: येता महिना बजेट करूच नकोस. नुसती तयारी कर. माहिती गोळा झाली की बजेट अर्ध्या तासाचं काम आहे.

काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तू लिहिलेल्या नाहीत. प्रवर्ग कोणता, प्रवेश कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून झाला की संस्थेच्या कोट्यातून, फी कोण भरतं, कॉलेजला चालत जातेस की बसने. त्यामुळे जिथे मी आकडे धरलेत तिथे तुझे खरे आकडे घाल. रीत बदलणार नाही.

पैसा येतो कुठून आणि कधी

कागदावर तीन भाग कर. पहिल्यात नक्की येणारे पैसे, म्हणजे घरचे ९,०००. दुसऱ्यात मिळायला हवेत पण कधी मिळतील ते सांगता येत नाही असे, म्हणजे शिष्यवृत्ती आणि भत्ते. तिसऱ्यात मामाने दिवाळीला दिले, आत्याने हातावर ठेवले असे. खर्चाचं गणित फक्त पहिल्या भागावर मांडायचं.

दुसऱ्या भागाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे मुलींचं खरं नुकसान होतं. शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून राज्यात ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. तू यात बसत असशील आणि तरी घरच्यांनी पूर्ण फी भरली असेल, तर उद्या आधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर जा. चहाचे दहा रुपये वाचवण्यापेक्षा त्या एका चकरेत जास्त पैसे आहेत.

शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर बाहेर राहण्यासाठी पैसे देणाऱ्या योजना आहेत: अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, ओबीसी, भटके-विमुक्त वगैरेंसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. पुण्यासारख्या शहरात स्वाधारची रक्कम वर्षाला ६०,००० आहे: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. महिन्याला ५,००० पडले. पण हे पैसे एक तारखेला येत नाहीत. अर्ज, छाननी, हजेरी, मग हप्ता. वर्ष संपताना आलेले मी पाहिले आहेत. म्हणून 'स्वाधार येईल' म्हणून महागडी खोली घेऊ नये. आलेच तर आधी उसने फेडायचे आणि उरलेले पुढच्या वर्षासाठी ठेवायचे.

आणखी एक. महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून येणारे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. गावाकडे जनधनचं जुनं खातं आधारला जोडलेलं असतं, आपण अर्जात पुण्यातलं खातं लिहितो, आणि पैसे त्या जुन्या खात्यात पडून राहतात. कुणाला पत्ताच नसतो. बँकेत जाऊन विचार: माझं आधार कोणत्या खात्याला मॅप आहे?

महिनाभर नुसती नोंद

आता खर्च. तीस दिवस जे खर्च होतं ते लिहायचं, बस. काटकसर करायची नाही, एरवी जे खातेस ते खायचं. लिहायला लागलं की माणूस आपोआप हात आखडतो आणि मग ती नोंद खोटी ठरते.

तू म्हणशील, सगळं फोनवरून देते, पासबुकात आहेच की. तिथे दोन घोटाळे आहेत. यूपीआय लाइट (छोट्या पेमेंटसाठी आधी पैसे भरून ठेवायची सोय) चालू असेल तर त्यातून केलेली छोटी पेमेंट पासबुकात एकेक करून येत नाहीत, लाइटमध्ये पैसे भरल्याची एकच नोंद दिसते. नेमका चहा, वडापाव, झेरॉक्स हाच खर्च त्यात लपतो. महिनाभर यूपीआय लाइट बंद ठेव, नाहीतर अ‍ॅपमधली यादी वेगळी उतरव. दुसरा घोटाळा वाटणीचा. पाच जणी जेवायला गेल्या, एकीने ८०० दिले, चौघींनी नंतर १६० पाठवले. खात्यात ८०० खर्च आणि ६४० जमा दिसते. तुझा खर्च १६० होता, तोच लिही. चौघींपैकी एकीने पाठवलेच नाहीत तर ती वेगळी ओळ, 'येणे' म्हणून. ही 'येणे' ओळ मुली लिहायला लाजतात, पण महिनाअखेरीला तिथे तीनचारशे सहज अडकलेले असतात.

वहीत खर्चाची खाती सहासातच ठेव: खाणं (मेस सोडून), प्रवास, अभ्यास, फोन, अंगाला-डोक्याला लागणारं, औषध, इतर. 'इतर' फुगायला लागलं तरच त्याचे तुकडे कर. वीस रकाने केलेले तक्ते मी पाहिले आहेत, पहिल्या आठवड्यानंतर ते कोरे असतात.

मेसवाल्या काकूंना आणि घरमालकाला विचारायचे प्रश्न

हा भाग बजेटच्या कुठल्याच लेखात नसतो आणि पुण्यात राहणाऱ्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

मेसचे ३,२०० म्हणजे दिवसाला साधारण १०७ रुपये. पहिला प्रश्न: खाडे धरता का, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करता का? किती दिवसांपासून धरता, आणि आधी कधी सांगायचं? काही ठिकाणी सलग तीन दिवसांच्या पुढे धरतात, काही ठिकाणी आठवडा लागतो, काही ठिकाणी अजिबात नाही. दिवाळीला १२ दिवस गावी गेलीस आणि खाडे धरले गेले तर १,२८० रुपये वाचतात. न सांगता गेलीस तर ते बुडाले. मेसवाल्यांचीही बाजू असते, डाळ-तांदूळ अंदाजाने भरलेले असतात, म्हणूनच त्यांना आधी सांगणं लागतं. सांगितलेलं मेसेजवर ठेव, म्हणजे वाद होत नाही.

दुसरा प्रश्न विचारायचीसुद्धा गरज नाही, तुला माहीतच आहे: रविवारी संध्याकाळी मेस बंद. म्हणजे महिन्यातून चार, कधी पाच वेळा बाहेरचं जेवण ठरलेलं. हा खर्च 'अचानक' कधीच नसतो, तरी माझ्याकडे येणाऱ्या वह्यांत तो हॉटेलिंग म्हणून लिहिलेला असतो आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेतलेलं असतं. अगं, तो मेसचाच भाग आहे. माणशी १२० धरले तरी ४८० रुपये. मेसचा खरा खर्च ३,२०० नाही, ३,६८० आहे असं धरून चाल. सकाळचा नाश्ता मेसमध्ये नसेल तर तोही इथेच मिळव.

घरमालकाला विचारायचं: लाइट बिल भाड्यात आहे की वेगळं? उन्हाळ्यात पंखा-कूलरचं वेगळं घेतात का? मे महिन्यात गावी गेले तर कॉट राखायला पूर्ण भाडं की अर्धं? डिपॉझिटमधून सोडताना काय कापणार? रंगाचे पैसे कापण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, ते आधी कळलेलं बरं. डिपॉझिट खर्चात धरू नकोस, अडकलेले पैसे म्हणून वेगळे लिही, आणि ते परत आल्यावर कुणाचे हे घरी आत्ताच ठरव.

वर्षाची यादी

आता कॅलेंडर घे आणि जून ते मे, बारा महिने पुढे ठेव. दर महिन्याला न येणारे खर्च त्यावर टाक. मी अंदाजे आकडे धरते. गावी चार वेळा जाणं-येणं, रिक्षासकट ३,०००. (एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणून एवढ्यात भागेल. दिवाळीत ट्रॅव्हल्सने गेलीस तर भागणार नाही.) पुस्तकं, जर्नल, अ‍ॅप्रन, छपाई ५,०००. कॉलेजची किरकोळ शुल्कं आणि फॉर्म ३,०००. डॉक्टर, चष्मा २,०००. कपडे, सण ३,०००. इंडस्ट्रियल व्हिजिट किंवा गॅदरिंग १,५००. बेरीज १७,५००.

फोनचा रिचार्जही इथेच धर, कारण २८ दिवसांचा प्लॅन वर्षातून १२ वेळा नाही, १३ वेळा मारावा लागतो. ३०० चा असेल तर ३,९००. एकूण २१,४००, म्हणजे महिन्याला १,७८३.

आता वजाबाकी. ९,००० मधून कॉट आणि मेस गेले की २,३००. त्यातून वर्षाच्या खर्चाचे १,७८३ गेले की ५१७. रविवारचे ४८० गेले की उरतात ३७ रुपये. अजून बस नाही, चहा नाही, रोजचं झेरॉक्स नाही, साबण नाही. पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा, विद्यार्थी पास ७५० चा धरला तर सरळ खड्डा. जून २०२५ मध्ये पीएमपीचे दर वाढले, साधा मासिक पास ९०० वरून १,५०० झाला. जुने आकडे धरून बसलेल्या मुलींची वही तेव्हा एका महिन्यात कोलमडली, म्हणून ही यादी दर सत्राला पुन्हा बघायची.

आता तुझ्या वीस तारखेकडे बघ. २,३०० रुपये वीस दिवसांत गेले म्हणजे दिवसाला ११५. त्यात बस, चहा, रिचार्ज, झेरॉक्स आणि रविवारचं जेवण. एवढ्यात कुणी पुण्यात उधळपट्टी करून दाखवावी. तुझे पैसे कमी पडतात कारण ते कमी आहेत. हे कागदावर दिसणं हाच या तयारीचा निम्मा उपयोग.

दुसऱ्या बाजूला काही परत मिळवता येतं. दिवाळीचे खाडे १,२८०, मे महिन्यात मेस पूर्ण बंद ठेवलीस तर ३,२००, मिळून ४,४८०. महिन्यावर वाटले तर ३७३. म्हणजे ३७ आणि ३७३ मिळून ४१० हातात. पास ७५० आणि चहा-नाश्त्याचे दिवसाला २० प्रमाणे ६०० धरले तर लागणार १,३५०. तूट ९४० रुपये महिन्याची, वर्षाची ११,२८०.

घरी काय बोलायचं

इथपर्यंत आलीस की तुझ्याकडे एक नेमका आकडा असतो. 'बाबा, पैसे पुरत नाहीत' हे वाक्य वडिलांना फक्त काळजी देतं, त्यांना करण्यासारखं काही सुचवत नाही. कागद पुढे ठेवलास तर बोलणं वेगळं होतं.

आणि मागताना त्यांच्या पैशांचं वेळापत्रक बघ. सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतं, घरात हाती पैसा तेव्हा असतो. दरमहा हजार वाढवून मागितलेस तर जून-जुलैत, पेरणीच्या तोंडावर, ते त्यांना जड जाईल आणि तेव्हाच तुझी पुस्तकं आणि नव्या वर्षाचे फॉर्म येतील. त्यापेक्षा महिन्याचे ९,००० तसेच ठेवून नोव्हेंबरात एकदम १०-११ हजार मागणं त्यांनाही सोपं असतं. शेतकरी घरातल्या मुलींना मी हेच सुचवते. नोकरदार घर असेल तर उलटं, दरमहा थोडं वाढवणं बरं. भाव पडले, पाऊस गेला, तर ते शक्य होणार नाही, हेही धरून चालायचं.

तारखेचंही बोल. कधी १० तारखेपर्यंत पैसे येत नाहीत आणि भाडं बहुतेक ५ ला द्यायचं असतं, यातूनच पहिलं हातउसनं सुरू होतं. तारीख ठरवणं घरच्यांना जमणार नसेल तर घरमालकाशी बोलून भाड्याची तारीख १२ करून घे. बहुतेक मालक नियमित देणाऱ्याला हे देतात.

तूट उरलीच तर कमाईचा विचार. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना आहे, तासावर मानधन मिळतं, काम कॉलेजातच असतं. तुझ्या कॉलेजात चालू आहे का ते विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना विचार. बी. फार्मचं प्रॅक्टिकल दुपारभर चालतं, त्यामुळे बाहेरची अर्धवेळ नोकरी परीक्षेच्या महिन्यात झेपेल असं मला वाटत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांची शिकवणी घेणं त्यापेक्षा बरं.

काय कापू नकोस तेही सांगते: मेसचं एक वेळचं जेवण. 'एकच वेळ लावते, ८०० वाचतात' असं म्हणणाऱ्या मुली बाहेर वडापाव-मॅगीवर त्याहून जास्त घालवतात आणि वर औषधाला लागतात.

आणि 'आत्ता घ्या, नंतर द्या' वाली अ‍ॅप, किंवा पाच मिनिटांत पाच हजार देणारी. ते सगळं कर्ज आहे. थकलं तर क्रेडिट अहवालात नोंद होते आणि उद्या एम. फार्मसाठी शैक्षणिक कर्ज मागायला गेलीस की बँक तोच अहवाल काढते. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्याने वार्षिक खर्चाचा दर आधी लेखी दाखवायला हवा. जे अ‍ॅप तो दाखवत नाही ते उघडूच नकोस. त्यापेक्षा रूममेटचे हातउसने परवडले, फक्त ते तारीख घालून वहीत लिही.

खातं आणि अ‍ॅप

नोव्हेंबरचे पैसे, मामाचे पैसे, आलीच तर शिष्यवृत्ती, हे सगळं रोजच्या यूपीआयला जोडलेल्या खात्यात राहू देऊ नकोस. दिसतं ते खर्च होतं. दुसरं बचत खातं असेल तर तिथे टाक आणि त्यातून दरमहा १,७८३ च्या हिशेबाने लागेल तेव्हाच काढ. खातं निवडताना किमान शिलकीची अट बघ. स्टेट बँकेने ती मार्च २०२० मध्ये काढली, सगळ्या बँकांनी काढलेली नाही, आणि दंड कापला गेल्याचं मुलींना पासबुक भरल्यावर कळतं. एटीएमचंही तसंच: मोफत व्यवहार संपले की १ मे २०२५ पासून दर वेळी २३ रुपयांपर्यंत आणि वर कर. शंभर शंभर काढण्याची सवय असेल तर ती महाग आहे.

अ‍ॅप कोणतंही चालेल, वहीही चालेल. मी मुलींना दोनशे पानी वही सांगते, कारण अ‍ॅप बँकेचे मेसेज वाचून खर्चाला आपणच नाव देतं, आणि मैत्रिणीला परत केलेले १६० रुपये 'इतर' मध्ये टाकून मोकळं होतं. तुला फोनच सोयीचा वाटत असेल तर साधी नोट्सची फाइल उघड, मेसेज वाचायची परवानगी मागणारं काही घेऊ नकोस. आज महिन्याची कुठलीही तारीख असो, एक तारखेची वाट न बघता नोंद आज रात्रीपासून सुरू कर. तीस दिवसांनी तुझे आकडे माझ्या आकड्यांच्या जागी घालून वजाबाकी पाठव, तूट किती येते ते बघून खर्चाची विभागणी कशी करायची ते सांगते.